खिडकी नको, मधली केबिन द्या

निघण्याआधी

लक्षद्वीपला जहाजानेच जायचं असं नवऱ्याने जाहीर केलं आणि नणंदेचा चेहरा पडला. तिला कसारा घाटात एसटी लागते, माळशेज घाटात कार लागते. ठाण्याच्या तलावपाळीवर सगळे बोटीत बसले की ती काठावर पर्स सांभाळत उभी असते. सासूबाईंचं गणित वेगळं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, जिना सावकाश चढतात, रात्री उठावं लागतं. पण जहाजाचं नाव काढल्यापासून त्या इतक्या खूश होत्या की नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. सासूबाई, नणंद, नंदोई, दहा वर्षांचा भाचा आणि आम्ही दोघं असा सहा जणांचा ताफा ठरला.

सहलीचा आराखडा साधा: कोचीहून निघायचं, दिवसभर बेटावर, रात्री जहाजावर. कल्पेनी, मिनिकॉय, कवरत्ती आणि परत कोची. बेटावर मुक्काम नाही, म्हणजे झोप, औषधं, अंघोळ, सगळं केबिनमध्येच. मला म्हणूनच केबिनची काळजी बेटांपेक्षा जास्त होती.

नौपाड्यातल्या ज्या ऑफिसातून बुकिंग केलं तिथला मुलगा म्हणाला, ‘काकू, केबिन सगळ्या सारख्याच. दोन बर्थची महाग, चार बर्थची स्वस्त, एवढंच.’ मी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागितला. प्रवासी असं काही मागतात हे त्याला नवीन होतं, पण आठवड्याभराने त्याने तो मिळवला. त्याची झेरॉक्स घेऊन मी रविवारी दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली आणि नेरुळच्या मामांकडे गेले. मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरही करावे या गावाजवळ घेतलंय. तिथल्या टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेतली पोरं पांढऱ्या गणवेशात बाहेर पडली की मामा अजून गॅलरीतून त्यांच्याकडे बघत असतात.

मामांनी प्लॅन टेबलावर पसरला, खोडरबरावर पट्टी आडवी ठेवली आणि एका टोकाला बोट टेकवलं. टोक खाली, दुसरं वर. ‘आता मधे बघ. मधे काय हललं? काही नाही. जहाज लाटेवर चढतं-उतरतं तेव्हा नाकाची आणि शेपटीची केबिन अशी झोके खाते. आणि कुशीवर डोलतं तेव्हा जितकं वर तितका झोका मोठा. म्हणून जिला लागतं तिला मधे आणि खाली झोपव. वरची पुढची केबिन महाग असते, छान दिसते, आणि सगळ्यात जास्त हलते.’

मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. लहान जहाजावर ते असतीलच असं नाही, असले तरी जहाज थांबलेलं असताना नेहमीच्या पंखांचा उपयोग होत नाही, कारण ते काम करतात वेगावर. बारा-तेरा मजली जहाजावर कुठेही झोपलं तरी फारसं बिघडत नाही. लहान जहाजावर चार दारं पुढे की चार दारं मागे, यावर रात्र ठरते.

मग मामांनी पेन्सिल घेतली. ‘केबिन कधी एकटी बघायची नाही. तिच्या वर काय, खाली काय, भिंतीपलीकडे काय ते बघ.’ एकेका खोलीवर ते खुणा करत गेले. अगदी पुढे नांगराची साखळी: पहाटे नांगर टाकला की त्या केबिनमधला माणूस अंथरुणात उठून बसतो. अगदी मागे जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर. डायनिंग हॉलच्या खाली खुर्च्या ओढल्याचा आवाज. पँट्रीच्या खाली पहाटेपासून भांडी. जिन्यालगत रात्रभर वर्दळ, पण ज्याचे गुडघे दुखतात त्याला जिना जवळ हवा. आता यातलं काय सोसायचं ते आपण ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं.

खिडकीचाही त्यांनी हिशोब मांडला. खालच्या डेकवर गोल पोर्टहोल असतं, समुद्र खवळला की त्यावर लोखंडी झाकण लावून टाकतात. वरच्या डेकवर मोठी खिडकी असते, पण तिच्यासमोरून लोक चकरा मारतात, पडदा ओढूनच बसावं लागतं. काही खिडक्यांसमोर तर लाइफबोटच टांगलेली असते. प्लॅनमध्ये ती बारीक रेषेने दाखवतात, नीट बघावं लागतं.

शेवटी त्यांनी दोन केबिनांभोवती गोल काढले. सासूबाई आणि नणंदेसाठी दोन बर्थची, मधली, खालच्या डेकवरची. आम्हा उरलेल्यांसाठी चार बर्थची, आतली, बिनखिडकीची, वरती पँट्री. ‘तुम्ही लवकर उठणारे आहात, भांड्यांचा त्रास तुम्ही घ्या.’ दोन्ही क्रमांक मी लेखी कळवले. क्रमांक चढतानाच पक्के होतात, विनंती नोंदवून ठेवू, असं उत्तर आलं.

प्रवेश परवाना आणि पोलिसांचा दाखला यांत पुढचे काही आठवडे गेले. ते सगळ्यांनाच करावं लागतं, म्हणून लांबण लावत नाही.

रविवार आणि सोमवार

ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम. कोकण रेल्वेचा पट्टा भाच्याने खिडकीत आणि सासूबाईंनी जपमाळ ओढत पार केला. संध्याकाळी काही बघायला गेलो नाही. जहाजावर चढण्याआधीची रात्र पूर्ण झोप मिळावी असा माझा हट्ट होता, कारण जागरण झालेल्या माणसाला समुद्र जास्त लागतो. नणंदेने डॉक्टरांनी दिलेली गोळी कधी घ्यायची ते कागदावर लिहून आणलं होतं. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी, ती आधी घ्यायची असते.

मंगळवार, कोची

जहाज विलिंग्डन बेटावरून सुटतं. हे बेट मुळात बंदर खोदताना उपसलेल्या गाळाचं, रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरच्या देखरेखीखाली भराव घालून केलेलं. खाडीकाठी वाढलेल्या आम्हा ठाणेकरांना गाळ काय असतो ते ठाऊक आहे. त्या गाळावर आज रेल्वे, गोद्या, कचेऱ्या उभ्या आहेत हे बघून नवरा बराच वेळ तिथेच रेंगाळला.

सामान तपासून झालं, रांग पुढे सरकली आणि हातात चिठ्ठ्या आल्या. चार बर्थची केबिन मागितली तीच मिळाली. दोन बर्थची मात्र वरच्या डेकवरची, अगदी पुढची. टेबलामागचा तरुण अधिकारी मोठ्या आपुलकीने म्हणाला, ‘ज्येष्ठ नागरिक आहेत म्हणून तुम्हाला चांगली दिली. मोठी खिडकी आहे. पैसे तेवढेच.’

नंदोई खूश झाले. नणंदेने माझ्याकडे बघितलं. मी प्लॅनची झेरॉक्स काढली आणि त्या अधिकाऱ्याला म्हटलं, ‘खिडकी नको, आम्हाला मधली केबिन द्या, खालची चालेल.’ त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने हिंदीत पुन्हा समजावलं. मीही पुन्हा समजावलं. मागे रांग खोळंबली होती, कुणीतरी ‘आंटी, ले लो ना’ म्हणालं, पण अशा वेळी बाजूला व्हायचं नाही असं मी ठरवूनच आले होते. तीन रात्रीचा नाही, चार रात्रीचा प्रश्न होता आणि तोही माझ्या एकटीचा नव्हता.

तोडगा रांगेतच निघाला. मागे कल्याणचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांच्या चिठ्ठीवर मामांनी गोल केलेल्या केबिनच्या शेजारचाच क्रमांक होता. मुलगी हळूच म्हणाली, ‘काकू, आम्हाला खिडकी चालेल.’ मी तिला आधी सगळं सांगितलं: पुढची आहे, वरची आहे, हलेल, पहाटे नांगराचा आवाज येईल. ‘तुम्हाला गाडी लागते का?’ दोघांनीही नाही म्हटलं. अधिकाऱ्याने दोन्ही चिठ्ठ्यांवर क्रमांक बदलून सह्या केल्या. यादीतही बदल करून घ्या असा मी आग्रह धरला, कारण अडचणीच्या वेळी कोण कुठल्या केबिनमध्ये आहे हे त्या यादीवरूनच बघतात.

केबिन लहानच. एकावर एक दोन बर्थ, छोटं कपाट, भिंतीला जोडलेलं टेबल, गोल काच आणि आत संडास-बाथरूम. मी आधी बाथरूमचा उंबरठा बघितला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून जहाजावर तो चांगला वीतभर उंच असतो, आणि अर्धवट झोपेत त्याला ठेच लागायची भीती. सुदैवाने दारात धरायला मजबूत दांडी होती. सासूबाईंना दोनदा आत-बाहेर करायला लावलं. खालचा बर्थ त्यांचा, वरचा नणंदेचा. चप्पल, पाण्याची बाटली, औषधं असं काहीच जमिनीवर ठेवायचं नाही हेही तेव्हाच सांगून टाकलं. मग लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघितलं आणि जमायच्या जागेपर्यंत सगळ्यांना एकदा चालत नेलं.

तिन्हीसांजेला जहाज सुटलं. मासेमारीची चिनी जाळी मागे पडली आणि बंदराच्या तोंडाशी पहिली लांब लाट पायाखालून गेली. नणंदेने रेलिंग घट्ट धरलं, क्षितिजाकडे बघत उभी राहिली. जेवणात तिने दही-भात खाल्ला आणि साडेआठला झोपायला गेली.

बुधवार, कल्पेनी

पहाटे साडेचारला आमच्या डोक्यावर पातेली वाजायला लागली. पाच वाजता आम्ही चौघं डेकवर होतो आणि सूर्योदय सबंध मिळाला.

खाली गेले तर नणंद झोपलेली. इतकी गाढ की हाक मारावी लागली. सासूबाई मात्र जाग्या होत्या. ‘अगं, आवाज येतो एकसारखा, घुंऽऽ असा. पण वाईट नाही. त्याच्यातच झोप लागली.’ मधे आणि खाली म्हटलं की इंजिन फार लांब नसतंच. ज्याची झोप बारीकशा आवाजानेही मोडते त्याने मधली केबिन घेताना एक मजला वर सरकावं, थोडं डोलणं पत्करावं. आमच्या घरात पंख्याशिवाय कुणाला झोप येत नाही, त्यामुळे घरघर आम्हाला चालण्यासारखी होती.

बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असल्यामुळे जहाज बाहेरच थांबलं आणि उतरायला लहान बोटी आल्या. इथे एक गोष्ट कळली जी प्लॅनवर दिसत नाही. बोटीत उतरायचं दार जहाजाच्या कुशीत, खालच्या डेकवर असतं. वरच्या केबिनवाल्यांची जिन्यावर दोन मजले रांग लागली होती. सासूबाई केबिनच्या दारातून निघाल्या त्या सपाट चालत वीस पावलांत दाराशी. खाली बोट लाटेबरोबर हातभर वर, हातभर खाली होत होती. दारातले दोन खलाशी दोन्ही दंड धरून थांबले, बोट वर आली, ‘अब!’ म्हणाले, आणि सासूबाईंचं पाऊल पलीकडे पडलं. दंड खलाशांच्या हातात द्यायचा आणि स्वतः उडी मारायची नाही, एवढंच तिथे पाळायचं.

कल्पेनीच्या खाजणातलं पाणी कमरेइतकं, हिरवट निळं आणि तळ दिसणारं. तिलक्कम आणि पित्ती ही छोटी बेटं समोरच. पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध पडलाय. 1847च्या वादळात समुद्राने तो वर फेकला असं मानतात. भाच्याला पाण्यातून बाहेर काढायला दुपार झाली.

गुरुवार, मिनिकॉय

मिनिकॉय बाकीच्या लक्षद्वीपपासून तुटून दक्षिणेला आहे, मधे नाइन डिग्री चॅनल हा समुद्राचा रुंद पट्टा. इथली भाषा महल, मालदीवकडच्या भाषेच्या जवळची. प्रत्येक गावाचा एक मूपन, म्हणजे गावप्रमुख. 1885मध्ये उभं राहिलेलं दीपगृह अजून काम करतंय. भाचा आणि नवरा वर चढले. आम्ही बायका खाली माडांच्या सावलीत बसलो.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकऱ्या करत आलेत. आमच्या शेजारी बाकावर असेच एक म्हातारे खलाशी बसले होते, मुंबई-कोलकाता सगळं पाहिलेले, हिंदी अस्खलित. सासूबाईंशी त्यांची लगेच गट्टी जमली. कुठे झोपता विचारलं, नणंदेने सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, आज रात्री जहाज उत्तरेकडे जाईल, वारा बघता लाट बाजूने येईल, डोलेल. बर्थ जहाजाच्या लांबीच्या दिशेने आहे की आडवा? लांबीच्या दिशेने, मी म्हटलं. ‘तो फिर बुढ़िया लुढ़केगी,’ ते हसून म्हणाले आणि उपाय सांगितला: गादीची बाहेरची कड उचलायची, तिच्याखाली घडी केलेलं ब्लँकेट किंवा लाइफ जॅकेट सारायचं. गादी भिंतीकडे कलते, माणूस भिंत आणि गादीच्या खोबणीत नीट बसतो.

रात्री दहानंतर तसंच झालं. आधी ग्लास सरकला, मग कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि मिटलं. आमच्या केबिनमध्ये मी वरच्या बर्थवर होते, कठड्याला धरून. अकराच्या सुमारास राहवेना म्हणून भिंतीला हात लावत शेजारच्या बोळातून सासूबाईंकडे गेले. ब्लँकेटची घडी गादीखाली होती, त्या कुशीवर वळून भिंतीला पाठ लावून शांत पडल्या होत्या. नणंद जागी होती. ‘हलतंय,’ ती म्हणाली, ‘पण पोटात काही होत नाहीये.’ कसाऱ्याच्या तिसऱ्या वळणावर पिशवी मागणारी बाई हे सांगत होती. मी तिच्या पायाशी बसून राहिले थोडा वेळ. गोल काचेवर दर काही सेकंदांनी काळं पाणी चढायचं आणि उतरायचं.

परत येताना लाउंजमध्ये कल्याणचा मुलगा खुर्चीत उशी घेऊन बसलेला दिसला. वरती झोपणं अशक्य झालं होतं, बायको मात्र तिथेच झोपली होती. त्याला आलेपाक दिला आणि लाउंजच्या मधल्या रांगेत, जमिनीवरच आडवं व्हायला सांगितलं. तासाभराने नंदोई बघून आले तर तो घोरत होता.

शुक्रवार, कवरत्ती

कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे, 2005पासूनचा, चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने उभारलेला. खोल समुद्रातलं गार पाणी वर आणायचं, पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि गार पाण्याने ती थिजवायची. दिवसाला एक लाख लिटर हे त्याचं उद्दिष्ट. नवऱ्याला हा प्रकार बेटापेक्षा आवडला. आम्ही काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघितले. शुक्रवार असल्याने दुपारी बाजार बंद, मशिदीकडे जाणारी माणसं आणि शांत गल्ल्या.

संध्याकाळी कल्याणच्या मुलीने तिची केबिन दाखवायला सासूबाईंना वर नेलं. खरंच देखणी होती. रुंद काच, काचेत सबंध मावळता सूर्य. दोघी तासभर तिथे बसल्या, मीच चहा वर नेला. लहान जहाजावर हे जमतं. उजेडाचे तास वर काढायचे आणि झोपायला खाली यायचं, मग खिडकीचे पैसे देण्याचं फारसं कारण राहत नाही. ज्यांना लागत नाही आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी मात्र ती केबिन जरूर घ्यावी. त्या मुलीला एका रात्रीचीही झोप मोडल्याचं दुःख नव्हतं.

शनिवार आणि परतीची गाडी

पहाटे कोची. पुढच्या केबिनवाल्यांना धक्क्याला लागतानाच्या दोऱ्यांच्या आणि यंत्रांच्या खडखडाटाने उठवलं, आम्हाला पातेल्यांनी, सासूबाई-नणंदेला कुणीच नाही. नणंदेने एर्नाकुलमला अप्पम आणि भाजीचा स्ट्यू दोनदा मागवून खाल्ला.

परतीच्या गाडीत समोर पनवेलची एक बाई होती. वडिलांना याच सहलीला न्यायचं तिच्या मनात होतं. वडील काठी घेऊन चालतात, रात्री तीन-चारदा उठतात. तिने खिडकीचं विचारलं. मी तिला बाथरूमच्या उंबरठ्याची उंची हाताने दाखवली, दांडी दाराच्या कुठल्या अंगाला आहे ते सांगितलं, खालचा बर्थ लेखी मागून घे म्हटलं, आणि बोटीचं दार त्याच डेकवर आहे हेही. तिने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, ‘काठी अडकवायला हूक आहे का तिथे?’ ते सासूबाईंना माहीत होतं. आहे, उशाशी, कपाटाच्या कडेला.